डाव्या बाजूची कडी

यशवंता,

आपल्या वादाचा निकाल अखेर माझ्या बाजूने लागला. विरुद्ध पक्ष हजरच नाही, म्हणून. इतकी वर्षं चार नातेवाईक कुठेही जमले की तू उभा राहून सांगायचास, "ती कडी बसवायची होती आमच्या साडूभाऊंनी," आणि मी बसल्या जागेवरून ओरडायचो, "खोटं! साफ खोटं!" परवा तुझ्या दहाव्याला धुळ्यात पांझरेच्या काठी सगळे जमले होते. कुणीतरी सवयीने माझ्याकडे पाहिलं, आता हे दोघे सुरू होणार म्हणून. मी तोंडही उघडलं. पण पहिलं वाक्य तुझं असायचं ना, ते आलंच नाही. एकट्याने भांडता येत नाही हे मला फार उशिरा कळलं. मला बऱ्याच गोष्टी उशिराच कळतात, ते तुला सांगायला नको.

तेव्हा आज दोन्ही बाजू मीच मांडतो. मध्ये बोलू नकोस. (बोललास तर फार बरं होईल.)

ती फटफटी तुला अमळनेरला सापडली, एका तेलगिरणीच्या आवारात, पेंडीच्या पोत्यांमागे. युद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेला विलायती माल. एका सिलिंडरचं इंजिन, ते गंजून घट्ट झालेलं, आणि सीटच्या स्प्रिंगांत उंदरांचा संसार. माझ्या लग्नात तू माझ्या मेहुणीकडे, विमलकडे, ज्या चेहऱ्याने पाहिलं होतंस, तोच चेहरा तुझा मी दुसऱ्यांदा तिथे पाहिला. पहिल्या खेपेला त्या चेहऱ्यामुळे तू माझा मित्र होतास तो साडू झालास. दुसऱ्या खेपेला फटफटी बैलगाडीत घालून जळगावला माझ्या मेहरूणच्या घरी आली, कारण धुळ्याला तुझ्याकडे जागा नव्हती आणि माझ्याकडे पत्र्याची पडवी होती. आपल्या सासऱ्यांनी, आबांनी, ती पाहिली आणि फक्त एवढंच म्हणाले, "दोन जावई आणि एक फटफटी. तिघांत मिळून अक्कल एक, आणि ती फटफटीकडं दिसते."

तू बांधकाम खात्यात नकाशे काढणारा. तुझं सगळं कसं मापात. निघेल तो भाग रॉकेलने धुवायचा आणि निघाला त्या क्रमाने गोधडीवर मांडायचा, म्हणजे लावताना उलट्या बाजूने येत गेलं की झालं. मी रेल्वेच्या मालधक्क्यावरचा कारकून, केळीच्या वॅगनी रवाना करणारा. मला एवढंच ठाऊक, की डबा आला तसा गेला पाहिजे. पहिल्याच दिवशी मी पिस्टनची एक रिंग मोडली. दुसरी मोडली ती, पहिली कशी मोडली हे तुला दाखवताना. तू नुसता चष्मा काढून पुसत बसलास. शिव्या दिल्या असत्यास तर मी सुटलो असतो.

तरी इंजिन उभं राहत गेलं. तू सुटी काढून नवरात्रात आलास, विमलही बहिणीकडे आली. दसऱ्याला संध्याकाळी धुळ्याला पोचायचं, तुझ्या आईने दारात फटफटीसकट दोघांना ओवाळायचं, असं ठरलं. आणि खंडेनवमीच्या दिवशी सकाळी आपण त्या जागी पोचलो जिथून सगळी कथा बिघडली.

आता ज्यांनी हे तुझ्या तोंडून ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिस्टनमधून आरपार एक आडवी पिन जाते. ती दोन्ही बाजूंना बाहेर सरकू नये म्हणून दोन टोकांना तारेच्या दोन कड्या बसवतात, खाचेत. एवढीशी चीज, बोटातही जाणार नाही. पण एक जरी नसली तर पिन चालता चालता बाहेर येते, सिलिंडरची भिंत खरवडते, आणि एका क्षणी इंजिन जागच्या जागी जाम होतं. इंजिन जाम झालं की मागचं चाक जाम. धावत्या फटफटीचं मागचं चाक जाम झाल्यावर वर बसलेल्यांचं काय होतं ते मी लिहीत नाही.

उजव्या बाजूची कडी तू बसवलीस. मी बघितलं, नाकबूल करत नाही. तेवढ्यात माझी बायको, कमल, पदर खोचून पडवीत आली.

"उठा. हत्यारं द्या पूजेला."

"वहिनी, पाच मिनिटं," तू म्हणालास.

"पाच मिनिटांत नवमी संपते का?"

"इंजिन उघडं आहे हो."

"देवही उघडेच आहेत माझे. फुलं वाहायचीत अजून."

कमलपुढे तू काय, मी काय. पाने, पक्कड, हातोडी, तुझी काटकोनाची पट्टी, एवढंच काय, माझ्या कानावरची मालधक्क्याची पेन्सिलसुद्धा तिने उचलून नेली. पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्याला उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायचं नाही, हा तिच्या माहेरचा दंडक. म्हणजे तुझ्याही सासरचा. आपण पिस्टनवर स्वच्छ फडकं टाकलं आणि दिवसभर हात बांधून बसलो. जाता जाता तिने सुट्या भागांच्या वाटीतून आणखी एक वस्तू उचलली, हे आपल्या दोघांनाही दिसलं नाही. गाडीचंही काहीतरी पूजेत हवं ना? बाकी सगळं तेलाने काळंकुट्ट. ती एकच वस्तू चकचकीत होती, आणि तिला ती जोडव्यासारखी दिसली.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली आणि हळदकुंकवाची हत्यारं परत आली. तुला निघायची घाई. फडकं काढलं. पिन जागेवर, उजवीकडे कडी जागेवर. मी समजलो, काल मी हात धुवायला गेलो तेव्हा तू डावीकडची बसवलीस. तू समजलास, काल तू वहिनींशी वाद घालत होतास तेव्हा मी बसवली. मध्ये एक दिवस गेला नसता तर आपल्यापैकी कुणीही डोकं वाकवून पाहिलं असतं. तू वरून सिलिंडर उतरवलास, मी बोटांनी रिंगा दाबून धरल्या, आणि या वेळी एकही मोडली नाही म्हणून मी इतका फुगलो होतो की डावं-उजवं मला सुचलंच नाही.

तिसऱ्या किकला ती लागली. तुझा चेहरा! विमल मागे बसली, पदर कमरेला घट्ट. "भाऊजी, येते," म्हणाली. "अगं येते काय, जाते म्हण, ही परत कशाला आणतेस," मी म्हणालो. गल्ली हसली. तुम्ही गेलात.

मी आत येऊन पाटावर बसलो. कमल निर्माल्य काढत होती. झेंडूच्या फुलांतून तिने काहीतरी उचललं.

"अहो, हे तुमच्या गाडीचं जोडवं राहिलं की."

यशवंता, तुझ्या संगतीत मी इंजिनाविषयी नेमकं तेवढंच शिकलो होतो, जेवढ्याने पोटात गोळा येतो. थोडं कमी शिकलो असतो तर "ठेव तिकडे" म्हणून जेवायला बसलो असतो. मी ती कडी तिच्या हातातून हिसकावली आणि सायकल काढली.

"कुठे निघालात?"

"धुळ्याला."

"फटफटीला सायकलवर गाठणार?"

हा प्रश्न मला कोपऱ्यावर पोचेपर्यंत पटला. परत फिरलो तर कमल चपला घालून दारात उभी. तिला मी दोन वाक्यांत सांगितलं, तेवढ्यानेच तिचं तोंड पांढरं पडलं. आम्ही एस.टी. स्टँडवर धावत गेलो. मी बनियनवर, कपाळाला कुंकू, कोपरापर्यंत तेल. धुळ्याची गाडी उभी होती, तोंडावर झेंडूचा हार, आणि ड्रायव्हर रशीदभाई चाकाला वाहिलेला नारळ फोडून खोबरं वाटत होता.

"रशीदभाई, लगेच काढा गाडी. माझा साडू मरेल."

"कथा शे साडू?"

"पुढे. फटफटीवर."

"मंग भाऊ, हाई एस्टी शे, उडणारं इमान नही," असं म्हणाला खरा, पण खोबरं तसंच कंडक्टरच्या हातात दिलं आणि वर चढला.

गिरणा ओलांडेपर्यंत आम्ही दोघे कुजबुजत भांडलो.

"मला काय ठाऊक ती कसली कडी?"

"विचारायचं तरी."

"आणि तुम्हाला? लावताना दिसलं नाही एक बाजू भोंगळी आहे ती?"

"यशवंताने बसवली असं वाटलं."

"त्यांना वाटलं तुम्ही, तुम्हाला वाटलं ते. माझी बहीण बसलीय त्यावर." तिने माझ्या मुठीतून कडी काढून घेतली, पदराच्या टोकाला बांधली, गाठ सोडून कडी आहे का पाहिलं, पुन्हा बांधली. थोड्या वेळाने पुन्हा सोडली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीने मागे वळून माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली. "सोनं घे रे भाऊ, सोन्यासारखा ऱ्हाय." मला तिच्या पाया पडायचं सुचलं नाही. मी विचारलं, "आजी, रस्त्यात कुठे फटफटी पडलेली दिसली का?" ती माझ्याच गाडीत बसून आली होती, तिला कुठून दिसणार?

एरंडोलला गाडी थांबली. मी उडी मारून चहाच्या टपरीवर गेलो.

"फटफटी गेली का इकडून?"

"गई ना. मांगे बाई बठेल व्हती. मस्त गई."

"आवाज कसा होता?"

"आवाज?" तो विचारात पडला. "फटफटीसारखा."

मी वळलो. तो मागून म्हणाला, "पन भाऊ, आतमा कायतरी टक टक वाजे."

पिन सरकायला लागली होती. मी हे रशीदभाईला सांगितलं. त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा कमलकडे पाहिलं. त्यानंतर रस्त्यात हात करणाऱ्या माणसांना तो फक्त नमस्कार करत गेला. कंडक्टर म्हणाला, "वर तक्रार जाईल." रशीदभाई म्हणाला, "जाऊ दे. तिले बी सीट दे."

मी त्याच्या पाठीमागे दांडा धरून उभा होतो. समोरून रस्ता येत होता आणि प्रत्येक काळी गोष्ट मला तुम्ही दोघे वाटत होती. निंबाची सावली. उलटलेली कणगी. एका वळणावर खरंच काहीतरी काळं आडवं पडलेलं दिसलं. कमलची नखं माझ्या दंडात गेली. म्हैस होती. ती सावकाश उठली आणि आमच्याकडे तुच्छतेने बघत बाजूला झाली. कुठल्याही म्हशीला पाहून मला इतका आनंद झालेला नाही.

आणि मग पारोळ्याच्या अलीकडे रस्त्यात गर्दी दिसली.

माणसं गोल करून उभी होती. सगळ्यांची तोंडं आत. ढोल नाही, आरडाओरडा नाही. रस्त्याच्या मधोमध काहीतरी आहे आणि माणसं ते बघतायत, अशी गर्दी. ती कशाची असते ते सांगावं लागत नाही. रशीदभाईने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"तुम्ही जा," कमल म्हणाली. "मी नाही बघणार."

मी उतरलो. माझ्या पायांत जोर नव्हता हे मी आजवर गमतीने सांगत आलो, चालताना धोतरात अडकलो वगैरे. तू तेव्हा हसायचास. खरं असं, की मला तिथे पोचायचंच नव्हतं. तिथे पोचेपर्यंत तू जिवंत होतास.

माणसं बाजूला सारत आत गेलो आणि आधी विमलची हिरवी साडी दिसली. फटफटीवर ताठ बसलेली. रस्त्यात देवीची पालखी टेकवली होती. सीमोल्लंघनाला निघालेली देवी जागची हलत नाही म्हणून भगत डोळे मिटून कौल घेत होता, आणि लोक श्वास धरून बघत होते. तू कडेने घुसायला गेलास आणि बरोबर मध्ये अडकलास. दोन बायका फटफटीच्या दिव्याला कुंकू लावत होत्या. इंजिन अगदी हळू, पण चालूच होतं, आणि त्याच्या खालून तो आवाज येत होता. टक. टक. टक.

"बंद कर!"

"अरे, साडूभाऊ! बनियनवर?"

"यशवंता, बंद कर आधी."

"वेडा का? गरम इंजिन परत लागायचं नाही. आता उठेल पालखी. आई वाट बघतेय."

"कडी राहिलीय. डावीकडची."

"कुठली कडी? दाखव."

मी मूठ पुढे केली. मुठीत आपट्याची पानं होती.

तू इतका मोठ्याने हसलास की भगताने डोळे उघडले. आणि तेवढ्यात देवी उठली. ढोल कडाडला, भोई ओरडले, पालखी वर गेली, गर्दी दुभंगली, तुझ्यासमोर धुळ्याचा रस्ता मोकळा झाला. तू गियर टाकलास. मी ओरडत होतो, ढोलात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. मग मला काही सुचलं नाही म्हणून मी वाकलो आणि प्लगची वायर हाताने उपटली.

विजेचा असा झटका बसला की मी दोन पावलं मागे जाऊन एका भोयाच्या अंगावर पडलो. पालखी हेलकावली. इंजिन बंद पडलं. तू गाडीवरून उतरलास, माझ्याकडे आलास, आणि सगळ्या गावादेखत माझ्या कानशिलात लगावलीस.

चष्म्यामागे तुझे डोळे लाल झाले होते. तू दुसऱ्यांदा हात उचललास तेव्हा कमल गर्दीतून धावत आली. गाठ सुटेना, म्हणून तिने पदराचं टोक दाताने फाडलं आणि कडी तुझ्यासमोर धरली.

तू बघितलंस. कडीकडे, मग इंजिनाकडे. तुझा हात खाली आला. मग तू इतक्या हळू बोललास की ढोल चालू असताना मला कसं ऐकू आलं कुणास ठाऊक.

"विमल, उतर."

पुढचं सगळं तू लोकांना सांगितलंच आहेस. आपण चौघांनी फटफटी पारोळ्यापर्यंत ढकलत नेली, वाटेत पोरं "ढकलगाडी" म्हणून ओरडत होती. तुझ्या आईने दुसऱ्या दिवशी शिळा दसरा ओवाळला. सिलिंडर उघडला तर पिन डावीकडे सरकलेली आणि आतल्या भिंतीवर नखाला लागेल अशी रेघ. तू तिच्यावरून अंगठा फिरवलास आणि म्हणालास, "रेघ मात्र सरळ आहे." मी म्हणालो, "तुझ्या खात्याला शोभेल अशी." मग तू म्हणालास, "कडी बसवायची होती तू." आणि आपण भांडायला लागलो ते तुझ्या शेवटच्या दिवाळीपर्यंत.

पण ती थप्पड तू कधी सांगितली नाहीस. म्हैस सांगायचास, बनियन सांगायचास, आपट्याची पानं तर साभिनय, आणि वायर उपटल्यावर थेट "विमल, उतर" वर उडी मारायचास. मीही मध्ये पडायचो नाही. कमल गप्प, विमल गप्प. तू माफी मागितली नाहीस, मी मागू दिली नसती. आता वाटतं, तो सगळा वाद आपण त्या एका जागेवर झाकण म्हणून वापरला. कडी कुणाची, यावर जितकं मोठ्याने भांडावं, तितकं ते झाकण घट्ट.

तुला एक सांगायचं राहिलं. मला ती कधी लागली नाही. म्हणजे लागली, चार दिवस त्या बाजूने भाकरी चावता येत नव्हती. पण कान गुंग झाले होते आणि मी मनात म्हणत होतो, मार, अजून मार. इंजिन बंद होतं आणि तुझा हात चालू होता. जळगावपासून तिथपर्यंत मी तुला इतक्या वळणांवर मेलेला पाहिला होता, की एवढी सणसणीत थप्पड मारणारा माणूस मला देवीपेक्षा मोठा वाटला. हे बोलायला मला इतकी वर्षं तोंड सापडलं नाही. मी किती बडबड्या, तुला ठाऊक आहे.

तू गेल्याची तार आली त्या दिवशी कमल आणि मी त्याच रस्त्याने आलो. ड्रायव्हर कुणी तरुण होता, त्याने न सांगता गाडी पळवली. पारोळ्याच्या अलीकडे मी उभा राहून पुढे बघत होतो. कमलने विचारलं नाही काय बघताय. रस्त्यात कुणी नव्हतं. गाडी कुठे थांबली नाही, वेळेच्या आधी धुळ्याला पोचली, आणि तुझ्या दारात माणसं गोल करून उभी होती.

विमलने माझ्यासाठी जागा केली. तुझा चष्मा काढून ठेवला होता, तुझा उजवा हात चादरीबाहेर होता. मी खाली बसलो, तो हात उचलला आणि माझ्या गालावर ठेवला. लोकांना वाटलं साडूभाऊ रडतायत, कुणीतरी पाठीवर थोपटलं.

मी रडत नव्हतो, यशवंता. मी वाट बघत होतो.